वर्गाबाहेरचा तास : आभाळाचं भाडं



मागच्या वेळी आपण बैलगाडीच्या चाकाचं गणित केलं होतं. तुमची उत्तरं मिळाली. पुष्कळांची बरोबर आहेत. काहींनी चाकाचा व्यास आणि परीघ यांची अदलाबदल केली आहे. हरकत नाही, चुकतो तोच शिकतो. आज मात्र चाक जमिनीवर ठेवू आणि जरा वर बघू.

आमचं ढाणकी हे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात आहे. पलीकडे पैनगंगेचं जंगल, अलीकडे कापूस, सोयाबीन आणि हळदीची वावरं. चैत्रातल्या दुपारी, सगळं गाव सावलीला पडलेलं असतं तेव्हा, आमच्या शाळेच्या पटांगणावर घारी फिरत असतात. पंख हलवत नाहीत, नुसत्या गोल गोल फिरत वर चढतात. त्यांच्याही वर, खूप उंच, एखादं विमान पांढरी रेघ ओढत जातं. आवाज मागून येतो. वर्गातली सगळी डोकी खिडकीकडे वळतात आणि माझा पाढ्यांचा तास मोडतो.

अशाच एका तासाला, बऱ्याच वर्षांपूर्वी, चौथीतला एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, मला ते चालवाचं हाय."

मी काय म्हणालो असेन? "आधी सतराचा पाढा चालव!" सगळा वर्ग हसला. तोही हसला आणि खाली बसला. मी ते विसरून गेलो. मुलं विसरत नसतात, हे मला फार उशिरा कळलं.

त्या मुलाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्याची ही गोष्ट अजून पुरी झालेली नाही. तो आता नागपूरला कॉलेजात बी.एस्सी. करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्या घरी आला. फराळाच्या ताटाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "सर, मी विमानात बसलो. नुसता बसलो नाही, दांडी हातात धरली!"

तो कॉलेजात एन.सी.सी.च्या हवाई विभागात आहे. एन.सी.सी. म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. खाकी कपड्यातली परेड तुम्ही स्वातंत्र्यदिनाला पाहता. तिचे तीन विभाग आहेत : भूदल, नौदल आणि हवाई. हवाई विभाग १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कलकत्ता इथं एकेका तुकडीनं सुरू झाला. आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर इथं त्याच्या तुकड्या आहेत. हवाई दलाचे अधिकारी निवडक छात्रांना दोन माणसांच्या लहानशा विमानातून वर नेतात. अशा विमानाला मायक्रोलाइट म्हणतात. स्लोव्हेनिया नावाच्या युरोपातल्या चिमुकल्या देशात तयार झालेली 'व्हायरस' जातीची विमानं एन.सी.सी.कडे आहेत. नाव ऐकून घाबरू नका! त्यांचं इंजिन ८० हॉर्सपॉवरचं असतं, म्हणजे आपल्या गावातले दोन मध्यम ट्रॅक्टर एकत्र केले की होईल तेवढं.

आमचा हा गडी त्या विमानात वर गेला. किती वेळ? अर्धा ताससुद्धा नाही. पण खाली आल्यावर जमिनीवर त्याचं लक्ष लागेना.

"छान झालं की!" मी म्हणालो. "मग तोंड असं का केलंस?"

"सर, कॉलेजची तीन वर्षं संपली की एन.सी.सी. संपली. एन.सी.सी. संपली की विमान संपलं. त्याच्यापुढं उडायचं कसं? आणि कशाच्या जोरावर?"

हा प्रश्न त्यानं मलाच का विचारला, ते संध्याकाळी कळलं. त्याचे बाबा आले. ओट्यावर टेकले. पाणी प्यायले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सर, एका शहरातल्या शिकवणीवाल्याचा फोन आला होता. म्हणतो, दीड वर्षात पोरगं पायलट, मग महिन्याला लाखात पगार. पैसे लवकर भरा म्हणतो, जागा थोड्या आहेत. मी दोन एकर वावर काढाचं म्हणतो. तुम्ही शिकलेले. सांगा, काढू का?"

मुलांनो, मी हबकलो. त्यांच्याकडे एकूण वावर पाच एकर. त्यातलं दोन गेलं की राहतं काय? आणि मला विमानातलं काय कळतं? मी डी.एड. झालेला मास्तर. पण गणित तर येतं! मी आतून पाटी-पेन्सिल आणली. तिघं ओट्यावर बसलो. तेच गणित आज तुमच्यापुढे मांडतो. वही घ्या.

पहिलं गणित : उडायला किती लागतं?

आपल्या देशात सोळा वर्षं पुरी झाली आणि दहावी पास असलं की शिकाऊ परवाना निघू शकतो. सतराव्या वर्षी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. त्यासाठी निदान ४० तास उड्डाण लागतं. हा परवाना हौसेसाठी. आपण उडावं, सोबत मित्राला घ्यावं, पण त्यावर पैसे कमवायचे नाहीत. विमान चालवून पगार घ्यायचा तर वेगळा, व्यावसायिक परवाना लागतो. त्याला अठरा वर्षं पुरी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आणि २०० तासांचं उड्डाण.

आता तासाचा दर. क्लबाक्लबात फरक असतो. आपण हिशोबासाठी तासाला १२,००० रुपये धरू.

४० × १२,००० = ४,८०,०००.
२०० × १२,००० = २४,००,०००.

दुसरा आकडा पाटीवर उतरला तेव्हा त्याच्या बाबांनी शून्यं बोटानं मोजली. दोनदा मोजली. आणि हा तर नुसता उड्डाणाचा खर्च. राहणं, खाणं, परीक्षांची फी वेगळी. एवढं करून व्यावसायिक परवाना हातात आला, तरी मोठ्या कंपनीचं मोठं विमान चालवायचं तर त्या जातीच्या विमानाचं स्वतंत्र शिक्षण घ्यावं लागतं. तेही लाखांत. आणि नोकरी? ती परवान्यासोबत चिकटून येत नाही. कंपन्यांची भरती निघावी लागते. कधी झपाट्यानं निघते, कधी वर्ष-वर्ष निघत नाही. दीड वर्षात लाखाचा पगार, असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला एवढंच विचारायचं : "हे कागदावर लिहून देता का?"

दुसरं गणित : एवढं महाग का?

तुम्ही म्हणाल, सर, मोटारसायकल शिकायला एवढे लागत नाहीत! मग विमानाला काय सोनं लावलंय?

सोनं नाही, पण काळजी लावलीय. 'सेसना १५२' नावाचं शिकवणीचं दोन माणसांचं विमान जगभर प्रसिद्ध आहे. ते तासाला साधारण २० ते २५ लिटर पेट्रोल पितं. ते पेट्रोलही पंपावरचं नाही, विमानासाठी वेगळं आणि महागडं. त्याचं इंजिन २,४०० तास चाललं की पूर्ण खोलून, तपासून, नव्यासारखं करावं लागतं, मग ते कितीही चांगलं चालत असो. म्हणून शहाणा क्लब पहिल्या तासापासूनच प्रत्येक तासामागे थोडे पैसे त्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला टाकतो. त्याशिवाय विमा, विमान ठेवायची शेड, शिकवणाऱ्याचा पगार, ठरावीक तासांनी तपासणी. मोटारसायकल बंद पडली तर आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो. आभाळाला कड नसते!

आणि खरी मेख तर पुढेच आहे. परवाना मिळाला म्हणजे झालं नाही. ठरावीक काळानं डॉक्टरी तपासणी करावी लागते. हात चालता ठेवायला उडत राहावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तुमचे पाढे कुठं जातात? तसंच हे. आणि पाढा विसरला तर छडी खावी लागते, उतरण्याची सवय मोडली तर जिवावर बेततं. प्रत्येक वैमानिकाकडे एक नोंदवही असते. कुठून उडालो, कुठं उतरलो, किती मिनिटं, सगळं लिहायचं. त्या वहीत महिनोन् महिने नोंद नसेल तर कोणी सांगायची गरज नाही, आपला आपल्यालाच धाक वाटला पाहिजे.

हे ऐकून त्याचे बाबा म्हणाले, "म्हणजे सर, बैल घेतला की झालं नाही. रोज कडबा लागतो."

मी पाटी खाली ठेवली. अर्ध्या तासात मी जे सांगत होतो, ते त्या माणसानं एका वाक्यात सांगितलं.

मुलगा मात्र गप्प होता. पायाच्या अंगठ्यानं ओट्यावरची माती उकरत होता. मला चौथीतला तो तास आठवला. तेव्हा मी हसून त्याला बसवलं होतं. आता आकडे दाखवून बसवत होतो. फरक काय झाला? म्हणून मी म्हणालो, "थांब. ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते कसे उडाले, तेही बघू."

साडेबावीस तासांचा एक तास

नील आर्मस्ट्राँग तुम्हाला माहीत आहेत. १९६९ च्या जुलैत चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे. ते अमेरिकेतल्या एका लहान गावातले. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांना विमान शिकायचं होतं. तासाला फी होती ९ डॉलर. शाळा सुटल्यावर ते औषधाच्या दुकानात काम करत. तिथं तासाला मिळत ४० सेंट. एका डॉलरचे १०० सेंट. सांगा पाहू, एक तास उडायला किती तास काम?

९०० ÷ ४० = साडेबावीस!

साडेबावीस तास दुकानात झाडलोट करायची, खोकी उचलायची आणि मग एक तास आभाळात. असं करत १९४६ साली सोळाव्या वाढदिवसाला त्यांनी विमानाचा परवाना मिळवला. मोटार चालवायचा परवाना तेव्हा त्यांच्याकडे नव्हता!

पुढे कॉलेजचं काय? घरची परिस्थिती साधी. अमेरिकेच्या नौदलाची एक योजना होती. फी नौदल भरणार, बदल्यात काही वर्षं नौदलात नोकरी करायची. त्या योजनेतून ते १९४७ साली पर्ड्यू विद्यापीठात गेले. मध्येच नौदलानं बोलावलं. तिथं ते लढाऊ वैमानिक झाले, कोरियाच्या युद्धात लढले आणि १९५२ साली पुन्हा वर्गात येऊन बसले.

आता गंमत बघा. जहाजावरून जेट उडवलेला हा माणूस कॉलेजात परत आल्यावर काय करत होता? विद्यापीठाच्या उड्डाण क्लबात जात होता. क्लबाची लहान लहान विमानं होती, सगळ्यांनी मिळून वापरायची. १९५४ साली त्यातलंच एक घेऊन ते गावाकडे गेले आणि एका शेतात उतरताना विमान मोडलं! मग ते गाडीवर घालून परत न्यावं लागलं. चंद्रावर सुखरूप उतरणाऱ्या माणसानं शेतात विमान मोडलं होतं, हे लक्षात ठेवा. प्रगतिपुस्तकात लाल रेघ आली की उपयोगी पडेल.

अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकेतलीच आणखी एक मोठी वैमानिक. तिनं १९२१ साली शिकायला सुरुवात केली. पैशासाठी टेलिफोन कंपनीत काम केलं, फोटो काढले, ट्रकसुद्धा चालवला. मुलींनो, ऐकताय ना?

सगळ्यांचं मिळून एक

म्हणजे पहिली युक्ती कष्टाची आणि दुसरी वाटणीची. दोन भावांत एक विहीर असते, चार घरांत मिळून एक ट्रॅक्टर असतो, बायकांची भिशी असते. उड्डाण क्लब म्हणजे तेच. विमान एकट्याचं नाही, क्लबाचं. शेड, मेकॅनिक, विमा सगळ्यांत वाटून जातो.

आपल्याकडे मुंबईला जुहूला १९२८ साली असा क्लब सुरू झाला, बॉम्बे फ्लाइंग क्लब. तिथंच जे.आर.डी. टाटा शिकले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, क्रमांक १. त्या काळी सरकार अशा क्लबांना अनुदान देई, म्हणून फी आटोक्यात राही. आमच्या विदर्भातही नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ पासूनचा आहे. मधल्या काळात काही वर्षं तिथलं प्रशिक्षण बंद पडलं होतं, हेही खरं. क्लब चालवणं म्हणजे सामायिक विहिरीसारखंच, गाळ सगळ्यांनी काढला तर पाणी.

जे.आर.डीं.ची एक गोष्ट सांगतो. आगाखानांनी इंग्लंड-भारत असा एकट्यानं प्रवास करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. जे.आर.डी. कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडकडून निघाला. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, इंजिनाचे स्पार्क प्लग बिघडले होते आणि जवळ जादा नव्हते. जे.आर.डीं.कडे होते. दिले नसते तर? बक्षीस आपलंच! पण त्यांनी दिले. अस्पीनं बदल्यात आपलं पाण्यात तरंगायचं जाकीट त्यांना दिलं. शर्यत अस्पीनं जिंकली. पुढे तो हवाई दलात गेला आणि १९६० साली भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. एकट्यानं उडायच्या शर्यतीतसुद्धा माणूस एकटा उडत नसतो.

घारीची शाळा

तिसरी युक्ती आमच्या पटांगणावरच्या घारींची. इंजिनच काढून टाका! मग पेट्रोलच नको.

अशा विमानाला ग्लायडर म्हणतात. जमिनीवरचं एक यंत्र लांबलचक तार भराभर गुंडाळतं, तारेला बांधलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढतं आणि उंचीवर गेलं की तार सोडून देतं. पुढे हवाच वाहन. उन्हानं तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवा वर चढते. घार तीच शोधते आणि तिच्यात गोल गोल फिरत राहते. ग्लायडरचा वैमानिकही तेच करतो. पुण्याला हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे. कितीतरी कॉलेजच्या मुलामुलींनी पहिली झेप तिथं घेतली. इंजिनाच्या विमानाच्या मानानं याचा खर्च फार थोडा. मात्र जाण्याआधी, सध्या उड्डाणं चालू आहेत का, जागा आहे का, हे विचारूनच एस.टी.त बसायचं.

ग्लायडर शिकलेला माणूस पुढे इंजिनाचं विमान शिकतो तेव्हा त्याचा पाया पक्का असतो. इंजिन बंद पडलं तर काय, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याचं बंदच असतं!

गणवेशाची वाट

आणि चौथी वाट आर्मस्ट्राँगसारखी. देशानं शिकवावं आणि आपण देशाची नोकरी करावी. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेल्यांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एन.डी.ए.तून, हवाई दलात जाता येतं. तिथलं शिक्षण फुकट असतं. २०२२ पासून मुलीही तिथं दाखल होऊ लागल्या. या परीक्षेची तयारी करून घेणारी महाराष्ट्र सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. मुलींसाठी तशीच संस्था अलीकडे नाशिकला झाली.

आणि पदवीनंतर? इथं माझ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. एन.सी.सी.च्या हवाई विभागाचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर हवाई दलाच्या वैमानिक शाखेत खास प्रवेशाच्या काही जागा राखलेल्या असतात. लेखी परीक्षा नाही, थेट निवड मंडळापुढे मुलाखत आणि चाचण्या. चाचण्या मात्र कठीण. वैमानिकपणाची एक कसोटी अशी आहे की ती आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर वैमानिक शाखेचं दार बंद, दुसऱ्या शाखांची उघडी.

सरकारच्या योजनाही असतात. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेनं इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या वीस मुलामुलींना नागपूर फ्लाइंग क्लबात व्यावसायिक वैमानिकाचं शिक्षण देण्याची योजना आखली होती. अशा जाहिराती पेपरात कोपऱ्यात येतात. कोपरे वाचायची सवय लावा.

ओट्यावरचा निकाल

रात्र झाली होती. घरातून दोनदा जेवायची हाक आली. त्याच्या बाबांनी विचारलं, "मग सर, वावर?"

मुलांनो, अशा वेळी मास्तरची खरी परीक्षा असते. 'काढा' म्हणावं तर त्यांची भाकरी जाते. 'काढू नका' म्हणावं तर पोराचं आभाळ जातं. मी म्हणालो, "दादा, मी एवढंच सांगतो. अजून याचे डोळे तपासले नाहीत. वैमानिकाला रंग नीट ओळखता यावे लागतात, कान, हृदय, सगळं तपासतात. पैसे भरून झाल्यावर डॉक्टर 'नाही' म्हणाला तर वावर परत मिळणार नाही. तपासणी आधी, पैसे नंतर. हा नियम तर पाळूच."

मग मी मुलाकडे वळलो. "आणि तुला खरं सांगू का? वावर विकलं नाही तर कदाचित पुढची चार-पाच वर्षं तू पुन्हा उडणार नाहीस. शिकवण्या घेऊन महिन्याला हजार रुपये बाजूला टाकलेस तर वर्षाला एक तास होतो. एका तासानं परवाना टिकत नाही. ही गोष्ट गोड करून सांगता येत नाही."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मग आत्ता परवाना काढूच नये. जो टिकवता येत नाही तो काढून काय करू? जमिनीवर शिकायचं तेवढं शिकून घेतो."

मला फार बरं वाटलं, कारण हे मी सांगितलेलं नव्हतं. वैमानिकाच्या परीक्षेतले विषय बघा : हवाई नियम, हवामान, दिशा काढणं, विमानाची आणि इंजिनाची माहिती, रेडिओवरचं बोलणं. यातलं बहुतेक पुस्तकातून, खोलीत बसून, जवळजवळ फुकट शिकता येतं. एन.सी.सी.त विमानाचे नमुनेही बनवतात. दर वर्षी देशभरातल्या हवाई छात्रांचं वायुसैनिक शिबिर भरतं. त्यात निवड होण्यासाठी पैसे लागत नाहीत, घाम लागतो.

उठताना त्याच्या बाबांनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाले, "हवाई दलाच्या त्या खास जागांचा फॉर्म कधी निघतो, तेवढं लिहून द्या सर."

मी पाटीवरच लिहून दिलं : साधारण जून आणि डिसेंबर. ते पाटी घेऊनच गेले. अजून परत आलेली नाही! त्यांच्या घरी भिंतीला टेकवून ठेवली आहे, असं ऐकतो. २४ आणि त्यापुढची पाच शून्यं कोणी पुसली नाहीत, खालचं जून-डिसेंबरही नाही.

दोन एकर वावर जागेवर आहे. यंदा त्यात हळद आहे. मुलाची डॉक्टरी तपासणी व्हायची आहे, 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा व्हायची आहे. काय होईल ते मला माहीत नाही. पण फोनवर तो परवा म्हणाला, "सर, हवामानाचं पुस्तक संपलं. आता आपल्या गावावर घारी दुपारीच काहून जास्त फिरतात, ते मी सांगू शकतो." आणि त्यानं दहा मिनिटं सांगितलं. मी ऐकत होतो. आता मास्तर तो होता.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. मुलाचं स्वप्न मोठं आहे म्हणून हसू नका. मी हसलो होतो, मला अजून बोचतं. आणि स्वप्न मोठं आहे म्हणून घाईनं जमीनही काढू नका. मुलाला घेऊन ओट्यावर बसा आणि खर्चाची पाटी त्याच्यासमोर मांडा. किती लागतात, कुठून येतील, आल्यावर टिकतील का, हे मुलाला कळलं पाहिजे. ज्याला हिशोब दाखवला तो हिरमुसत नाही, तो वाट शोधतो.

या आठवड्याचा उद्योग

१. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते सहा, दोन्ही वेळा आभाळात घारी मोजा. कधी जास्त दिसल्या? का? (पाण्याची टोपी आणि सावली विसरू नका.)

२. तुम्हाला जे शिकायचं आहे, मग तो तबला असो, पोहणं असो की विमान, त्याच्या एका तासाचा खर्च काढा. घरात तासाच्या कामाला किती मजुरी मिळते ते विचारा. आता आर्मस्ट्राँगसारखा भागाकार करा. तुमचं उत्तर किती तास आलं?

३. हे उत्तर आईबाबांना दाखवा. ते काय म्हणाले, ते मला पोस्टकार्डावर कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर सतराचा पाढा चालू द्या!

तुमचे,
ढाणकीचे सर